क्री बेटावरच्या आठ रात्री : राजा अम्पातमधील डायव्हिंग-मुक्कामाचा खर्च आणि सोय

या प्रकरणातील दांपत्य पुण्याचे आहे. दोघांचीही पन्नाशी जवळ आलेली. ती सनदी लेखापाल, तो यंत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला. तिने स्कूबाचे पहिले प्रशिक्षण तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात घेतले, त्याने अंदमानात. पुढचा ॲडव्हान्स्ड अभ्यासक्रम दोघांनी मिळून हॅवलॉकला पूर्ण केला. त्याच्या नावावर साठेक डाइव्ह होत्या, तिच्या नावावर पंचवीसच्या आसपास. तिचा उजवा खांदा वर्षभरापूर्वी आखडला होता आणि व्यायामाने बराच सुटला असला, तरी हात डोक्याच्या वर नेऊन अंगाचा भार उचलणे तिला अजून जमत नव्हते. हा खांदा पुढे हिशेबात येणार आहे, म्हणून त्याचा उल्लेख सुरुवातीलाच केला.

दिवाळीनंतर इंडोनेशियातील राजा अम्पातला जायचे, एवढे त्यांचे ठरले होते. कुठे राहायचे यावर मात्र एकमत होईना, आणि त्या घोळात मला सल्ल्यासाठी बोलावले गेले. त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असा तपशील वगळून तो सगळा विचार येथे मांडला आहे. रकमा त्यांना त्या वेळी आलेल्या भावांच्या आहेत आणि गोल केलेल्या आहेत. एक लाख इंडोनेशियन रुपिया म्हणजे सुमारे ५३० रुपये, हा दर सर्वत्र धरला आहे.

जागा आणि वाट

राजा अम्पात हा पूर्व इंडोनेशियातल्या पापुआच्या पश्चिम टोकाजवळ, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेला सुमारे दीड हजार बेटांचा समूह आहे. वायगेओ, बटांटा, सालावाती आणि मिसूल ही त्यातली चार मोठी बेटे. जगात माहीत असलेल्या कठीण प्रवाळांच्या जातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश जाती येथे सापडतात. क्री नावाच्या चिंचोळ्या बेटाच्या टोकाशी, केप क्री या जागी, मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी २०१२ साली एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या होत्या. ही समृद्धी ज्या पाण्यावर पोसली आहे ते वायगेओ आणि बटांटा यांच्यामधल्या डॅम्पियर सामुद्रधुनीतून भरती-ओहोटीबरोबर जोराने वाहते, आणि हा जोर हीच येथल्या डायव्हिंगची मुख्य अडचणही आहे. प्रवाह खडकावर आदळतो तिथेच मासे गोळा होतात. डायव्हरलाही तिथेच टिकून राहावे लागते.

मुंबईहून जकार्ता, तिथून रात्रभराच्या विमानाने सोराँग, सोराँगहून सुमारे दोन तासांची फेरीबोट वायगेओवरच्या वायसाईला, आणि वायसाईहून होमस्टेच्या किंवा रिसॉर्टच्या बोटीने तासाभरात क्री, अशी वाट आहे. जकार्ता आणि सोराँग यांच्या घड्याळांत दोन तासांचा फरक आहे. तो विसरला की फेरीची वेळ चुकते आणि सोराँगमध्ये एक रात्र विनाकारण काढावी लागते. भारतीय पारपत्रावर इंडोनेशियात उतरल्यावर मिळणारा व्हिसा ५ लाख रुपियाला पडतो. सागरी संरक्षित क्षेत्राचा परवाना आणि पर्यटक-शुल्क मिळून परदेशी पाहुण्याला सुमारे १० लाख रुपिया द्यावे लागतात. विमानभाडे, व्हिसा, परवाना हा खर्च कुठेही राहिले तरी तेवढाच असल्याने तो या तुलनेतून बाजूला ठेवला. अंदमान एवढे जवळ असताना इतक्या लांब कशाला, हा प्रश्न घरच्यांनी विचारलाच. पण दोघांनी अंदमान पाहून झाले होते आणि तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय स्थानिक पापुआई कुटुंबांच्या होमस्टेचा. क्री, गाम, मानसुआर, आरबोरेक या बेटांवर गावातली कुटुंबे स्वतःच्या वहिवाटीच्या जमिनीवर लाकडाच्या आणि झावळ्यांच्या झोपड्या बांधून पाहुणे ठेवतात. पुष्कळदा त्या पाण्यावरच खांबांवर उभ्या असतात. आत गादी, मच्छरदाणी, बाहेर छोटी पडवी, बादलीने अंघोळ, बहुतेक ठिकाणी सामायिक संडास, आणि वीज संध्याकाळी जनरेटर सुरू झाल्यापासून मध्यरात्रीपर्यंत. तिन्ही वेळचे जेवण भाड्यात धरलेले असते. मालवण-तारकर्लीच्या घरगुती मुक्कामाची ज्यांना सवय आहे त्यांना यात फारसे परके वाटणार नाही. फरक एवढाच की मालवणात काही बिघडले तर बाजारपेठ हाकेवर असते. या दांपत्याला आलेला भाव माणशी रात्रीला ५ लाख रुपिया होता. डाइव्हचे पैसे वेगळे, प्रत्येकी ६ लाख रुपिया.

दुसरा पर्याय डायव्हिंग रिसॉर्टचा. क्रीवर अशा मुक्कामाची सुरुवात १९९० च्या दशकात मॅक्स अमर या डच गृहस्थाने केली, आणि तो मुळात आला होता दुसऱ्या महायुद्धात बुडालेल्या विमानांच्या शोधात. आज या भागात मध्यम ते फार महाग अशी बरीच रिसॉर्टे आहेत. त्यांतल्या एका मध्यम रिसॉर्टचा सात रात्री आणि सतरा डाइव्हचा एकत्रित दर माणशी सुमारे १ लाख ७६ हजार रुपये, म्हणजे दोघांचे ३ लाख ५२ हजार, असा आला.

तिसरा पर्याय बोटीवरच राहून डाइव्ह करण्याच्या सफरीचा, म्हणजे लिव्हअबोर्डचा. सुलावेसीत बांधल्या जाणाऱ्या फिनिसी जातीच्या देखण्या लाकडी जहाजांवर या सफरी निघतात, दिवसाला चार डाइव्ह होतात आणि दक्षिणेतले मिसूलही पाहता येते. दोघांचा मिळून खर्च सहा लाखांच्या घरात जात होता. शिवाय दिवसाला चार डाइव्ह तिला झेपणार नव्हत्या. हा पर्याय पहिल्याच बैठकीत गळाला.

रात्रीचा दर आणि डाइव्हचा दर

तिने पहिला तक्ता केला तो रात्रीच्या दराचा, कारण मुक्कामाचा भाव आपण सगळेच रात्रीवर मोजतो. होमस्टेत दोघांची रात्र ५,३०० रुपयांना पडत होती, रिसॉर्टमध्ये सुमारे ५०,३०० रुपयांना; म्हणजे साडेनऊ पट. या एका आकड्यावरून दोघांनी अगदी उलटे निष्कर्ष काढले. त्याचे म्हणणे असे की साडेनऊ पट पैसे मोजून गादीची जाडी विकत घ्यायची नाही. तिचे म्हणणे असे की जे इतके स्वस्त आहे त्यात काहीतरी महत्त्वाचे नक्की कमी असणार, आणि ते काय ते तिथे गेल्यावर कळून उपयोग नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, पण आकडा मात्र फसवा होता.

रिसॉर्टच्या दरात बोट, इंधन, वाटाड्या, टाकी, वजने, सगळे आत होते. होमस्टेच्या दरात फक्त छप्पर आणि जेवण होते. म्हणून होमस्टेचा खरा खर्च पुन्हा मांडला. आठ रात्रींचे दोघांचे राहणे-जेवण ८० लाख रुपिया, म्हणजे ४२,४०० रुपये. सहा दिवस, रोज दोन, अशा प्रत्येकी बारा आणि दोघांच्या चोवीस डाइव्ह. त्यांचे १ कोटी ४४ लाख रुपिया, म्हणजे ७६,३०० रुपये. वायसाईहून नेण्या-आणण्याची बोट २० लाख रुपिया, म्हणजे १०,६०० रुपये. फाम बेटांकडे पियायनेमोला एक दिवसाची सफर, इंधनाच्या वाटणीसह २४ लाख रुपिया, म्हणजे १२,७०० रुपये. एकूण सुमारे १ लाख ४२ हजार. त्याला चोवीसने भागले तर एक डाइव्ह ५,९०० रुपयांना पडते. रिसॉर्टचे ३ लाख ५२ हजार चौतीस डाइव्हमध्ये वाटले तर एक डाइव्ह सुमारे १०,३५० रुपयांना.

साडेनऊ पटीचा फरक असा पावणेदोन पटीवर आला. या प्रकरणात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. डाइव्ह करण्यासाठी गेलेल्या माणसाने मुक्काम रात्रीच्या दराने तोलला, तर तो ज्या गोष्टीसाठी गेला तिचाच हिशेब सुटतो. होमस्टेच्या खर्चातला निम्म्याहून अधिक भाग पाण्याखालचा आहे, खोलीचा नाही. त्यामुळे अजून स्वस्त खोली शोधून फार काही वाचत नाही. उलट, खोलीवर थोडे जास्त खर्च केले तरी एकूण रकमेला फार धक्का बसत नाही. ही गोष्ट तिच्या लगेच लक्षात आली. त्याला पटायला आठवडा लागला, कारण साडेनऊ हा आकडा त्याला फार आवडला होता.

रिसॉर्टच्या बाजूनेही एक गोष्ट तपासावी लागली. सतरा डाइव्हचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, आणि कान दुखला, पोट बिघडले, प्रवाहाला घाबरून एखादी डाइव्ह सोडली, तर त्याचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत. होमस्टेत केलेल्या डाइव्हचेच पैसे द्यायचे असतात. अनुभवी डायव्हरला हा फरक किरकोळ वाटेल. पंचवीस डाइव्ह झालेल्या माणसाच्या मनावर मात्र ‘पैसे भरलेत, आता उतरलेच पाहिजे’ हा दाब येतो, आणि डॅम्पियर सामुद्रधुनीत तो दाब चांगला नाही.

सोय म्हणजे नेमके काय

आता उरला तो एका डाइव्हमागे साधारण साडेचार हजारांचा फरक. त्या साडेचार हजारांत रिसॉर्ट काय काय देत होते, याची यादी तिने केली आणि प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहिला : ही नसेल तर माझी डाइव्ह बिघडेल, की फक्त माझी संध्याकाळ?

वातानुकूलन, गरम पाणी, वाय-फाय, संध्याकाळचे पेय हे सगळे संध्याकाळच्या रकान्यात गेले. नायट्रॉक्सही, म्हणजे टाकीत भरायचे जास्त ऑक्सिजनचे मिश्रणही, माझ्या आग्रहाने तिथेच गेले. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागू नयेत अशी, अठरा मीटरवर साध्या हवेने पहिल्या डाइव्हला ५६ मिनिटे मिळतात आणि ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने ९५. पण दिवसाला दोनच डाइव्ह आणि त्याही तासाभराच्या आतल्या, असा बेत असेल तर या जास्तीच्या मिनिटांचे करायचे काय? चार डाइव्ह करणाऱ्याला नायट्रॉक्स हवाच, यांना तो शोभेचा होता.

खांदा मात्र पहिल्या रकान्यात गेला, आणि त्याच्याबरोबर बोटीची शिडी. होमस्टेच्या बोटी फायबरच्या, लांब, अरुंद आणि काठाने उंच असतात, आणि कित्येकींना शिडी नसते. डाइव्ह संपली की पाण्यातच वजने आणि टाकीसह जाकीट काढून वर द्यायचे, काठ दोन्ही हातांनी धरायचा, फिन जोरात मारायचे आणि पोटावर बोटीत यायचे, अशी रीत आहे. तरुण माणसाला त्यात काही वाटत नाही. तिला ते अशक्य होते, निदान दिवसातून दोनदा सहा दिवस तरी. होमस्टेच्या मालकांशी व्हॉट्सॲपवर चाललेल्या बोलण्यात तो खोलीचे फोटो मागत होता तेव्हा ती त्याला म्हणाली, ‘‘खोली राहू दे रे, शिडी आहे का ते विचार आधी.’’ ज्या तीन ठिकाणी विचारले त्यांपैकी एकाने शिडीची गरज नाही असे कळवले, एकाने उत्तरच दिले नाही, आणि तिसऱ्याने काठाला अडकवायच्या ॲल्युमिनियमच्या शिडीचा, तीही पाण्यात सोडून काढलेला फोटो पाठवला. निवड खरे तर तिथेच झाली.

त्यापुढचे प्रश्नही तशाच जातीचे होते. टाक्यांत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरचा फिल्टर शेवटचा कधी बदलला? आपत्कालीन ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, आणि तो बोटीवर असतो की किनाऱ्यावर? एका वाटाड्याबरोबर किती जण उतरतात? बोटीला इंजिने किती? ओहोटीला बोट धक्क्याला लागते, की टाकी पाठीवर घेऊन उथळ खडकांवरून चालावे लागते? टाकीतली हवा तोंडाशी आणणारा रेग्युलेटर धुवायला गोडे पाणी मिळते का? तिसऱ्या ठिकाणच्या मालकाने फिल्टरच्या नोंदवहीचे पान फोटो काढून पाठवले; तारखा पेनाने लिहिलेल्या, एका ओळीवर तेलाचा डाग पडलेला. छापील प्रमाणपत्रापेक्षा मला तो डाग जास्त विश्वासाचा वाटला. ऑक्सिजन त्याच्याकडे होता, पण किनाऱ्यावर. लांबच्या डाइव्ह-जागांच्या दिवशी तो बोटीत घ्यायचा, हे आधीच कबूल करून घेतले. बोटीला दोन इंजिने होती. या बाबतीत रिसॉर्ट सरस होते यात शंका नाही, कारण तिथे हे सगळे विचारावे लागले नाही. रिसॉर्टच्या दरातला मोठा भाग हा न विचारण्याचाच दर असतो. ज्याला विचारायला वेळ नाही, किंवा उत्तर बरोबर की चूक हे कळत नाही, त्याने तो दर खुशाल द्यावा.

झोप कोणत्या रकान्यात घालायची यावर मतभेद झाला. त्याच्या मते ती संध्याकाळची बाब. माझ्या मते पाण्याखालची. प्रवाहात दोरीचा हूक खडकाला अडकवून लटकायचे, हवा आणि पाण्याची खोली यांवर लक्ष ठेवायचे आणि वाटाड्याची खूण चुकवायची नाही, हे रात्रभर तळमळलेल्या माणसाकडून नीट होत नाही. विषुववृत्तावर वारा पडला की मच्छरदाणीच्या आत पंख्याशिवाय झोप लागत नाही, आणि साध्या होमस्टेत मध्यरात्रीनंतर पंखा बंद होतो. तिने अखेर झोपेसाठी तिसरा रकाना केला आणि त्याला ‘दोन्ही’ असे नाव दिले.

याच टप्प्यावर मी वॉलेसचा दाखला दिला, आणि तो दोघांनाही आवडला नाही. ब्रिटिश निसर्गअभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस १८६० साली बर्ड ऑफ पॅरडाइज कुळातल्या तांबड्या पक्ष्याच्या शोधात याच भागात आला होता, आणि आजच्या गाम बेटावरच्या बेसिर गावात तो काही आठवडे आठ फूट लांबी-रुंदीच्या झोपडीत राहिला. आतल्या जमिनीपासून आढ्यापर्यंत तिची उंची पाच फूट आणि वॉलेसची सहा फूट एक इंच. त्याने काम मात्र भरपूर केले. यावर तिचे उत्तर असे होते की वॉलेस दिवसाला दोनदा टाकी पाठीला बांधून समुद्रात उतरत नव्हता.

निर्णय

जे ठिकाण निवडले तेही होमस्टेच होते, पण स्वतःचे डाइव्ह-केंद्र असलेले, खोलीला लागून संडास-न्हाणी असलेले आणि सौरऊर्जेवर दिवसरात्र विजेचा दावा करणारे. भाव माणशी रात्रीला ८ लाख रुपिया. म्हणजे आधीच्या हिशेबापेक्षा आठ रात्रींत दोघांचे ४८ लाख रुपिया, सुमारे २५,४०० रुपये जास्त. त्यात तिच्यासाठी पहिले तीन दिवस स्वतंत्र वाटाड्या घेतला, त्याचे रोजचे ५ लाख रुपिया, म्हणजे तीन दिवसांचे सुमारे ८,००० रुपये. एकूण सुमारे १ लाख ७५ हजार, रिसॉर्टच्या बरोबर निम्मे. तिच्या तक्त्यात एका डाइव्हचा भाव ७,३०० रुपये झाला.

वाचलेल्या पैशांतून दोन गोष्टी घ्यायला लावल्या. एक, डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांसाठीच्या संस्थेचा विमा. भारतातल्या नेहमीच्या प्रवासविम्यात स्कूबा बहुधा वगळलेले असते, किंवा त्याला अशा अटी असतात की ते वगळल्यातच जमा. अपघात झाला तर या बेटांवरून आधी बोटीने मोठ्या गावाकडे यावे लागते, आणि रात्री समुद्रात ती सोय होईलच याची खात्री नसते. डायव्हिंगच्या दाबाच्या आजारावर उपचार करणारी दाबाची खोली, म्हणजे रिकम्प्रेशन चेंबर, कागदावर असला म्हणून त्या आठवड्यात चालू असेलच असेही नाही, ते विमा कंपनीच्या तातडीच्या क्रमांकावरून विचारून घ्यावे लागते. दुसरी गोष्ट, परतीच्या वाटेवर सोराँगमध्ये एक रात्र. एकापाठोपाठ अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावेत असा दंडक आहे, आणि फेरी रद्द झाली तर पदरी एक दिवस असावा लागतो. ही रात्र वातानुकूलित हॉटेलात काढायची, यावर कोणाचेही दुमत नव्हते.

मलेरियाची गोळी डॉक्टरांना विचारून घेतली. पापुआ हा मलेरियाचा मुलूख आहे. मेफ्लोक्विनने चक्कर आणि मनाचा गोंधळ होण्याची शक्यता असल्याने ती डायव्हरला देत नाहीत, आणि डॉक्सिसायक्लिनने उन्हात त्वचा भाजते, म्हणून त्यांना ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिलची गोळी मिळाली. ती या सगळ्यांत महाग, तरी एकूण खर्चात नगण्य.

रोकड ही एक वेगळीच गैरसोय निघाली. छोट्या बेटांवर एटीएम नाही; ते वायसाईत आणि सोराँगमध्ये. इंडोनेशियातली सर्वात मोठी नोट एक लाखाची, आणि सव्वातीन कोटींहून अधिक रुपियाचे देणे म्हणजे तीनशे तीसच्या आसपास नोटा. एटीएममधून एका वेळी मोजकीच रक्कम निघते, दर खेपेला बँकेचे शुल्क बसते. आगाऊ भरलेली रक्कम सोडून बाकीसाठी त्याने सोराँगच्या विमानतळावर आणि गावात मिळून अर्धी सकाळ घालवली. रिसॉर्टचे पैसे पुण्यातून बँकेमार्फत एका झटक्यात गेले असते. हिशेबात ही बाब कुठल्याच रकान्यात आली नव्हती.

प्रत्यक्षात काय झाले

शिडीने काम चोख केले. सार्डिन रीफ या डाइव्ह-जागी लाटा होत्या तेव्हा शिडी हलत होती, पण बोटवाला पोऱ्या खाली वाकून तिची दोरी पायाने दाबून धरत असे आणि ती डाव्या हाताने चढून येई. वाटाड्या शेजारच्याच गावातला होता आणि भरतीची वेळ तक्त्याशिवाय सांगत असे. केप क्रीला त्याने सकाळी दोनदा नेणे टाळले आणि तिसऱ्या दिवशी नेले, तेव्हा प्रवाह तिला झेपेल एवढाच होता. जागा पाच-दहा मिनिटांवर असल्याने हे शक्य झाले. शेजारचे महाग रिसॉर्टही त्याच खडकांवर उतरत होते, त्याच माशांमध्ये. पाण्याखाली गेल्यावर कोण कुठल्या खोलीतून आले आहे ते कळत नाही.

विजेचा दावा मात्र खरा ठरला नाही. बॅटरी जुनी होती. ढगाळ दिवसानंतर पंखा पहाटे दोनच्या सुमारास बंद पडे, आणि वारा पडलेल्या दोन रात्री दोघांना झोप लागली नाही. त्यांतल्या एका सकाळी तिने पहिली डाइव्ह सोडली. मालकाकडे तक्रार केली तेव्हा त्याने जनरेटर रात्रभर चालवायची तयारी दाखवली, पण तो त्यांच्याच खोलीच्या मागे होता. दुसरी डाइव्ह कान दडल्यामुळे गेली. अशा दोन डाइव्ह बुडाल्या, त्यांचे पैसे द्यावे लागले नाहीत, आणि ६,४०० रुपये वाचले. तिने ते तक्त्यात लाल अक्षरांत लिहिले, कारण तिच्या मते ती बचत नव्हती.

जेवणाचा अंदाज सर्वांचाच चुकला. ती शाकाहारी, अंडी चालणारी. भात, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), अंडे, कांगकुंगची परतलेली पालेभाजी आणि इन्स्टंट नूडल्स यांच्या पलीकडे स्वयंपाकघर जाऊ शकत नव्हते, कारण भाजी वायसाईहून येणार आणि ती पोहोचेपर्यंत निम्मी कोमेजणार. चौथ्या दिवसापासून तिने बरोबर आणलेली भाजणी बाहेर काढली आणि घरच्या बाईच्या तव्यावर तिथल्याच मिरच्या घालून थालीपिठे लावली. मेतकूट आणि लोणचे पहिल्या दिवसापासूनच चालू होते. रिसॉर्टमध्ये हा प्रश्न आला नसता. त्याला, रोज ताजा मासा मिळत असल्याने, हा प्रश्न आहे हेच शेवटपर्यंत जाणवले नाही. सामानाची मर्यादा देशांतर्गत विमानात वीस किलोची, त्यात डायव्हिंगचे सामान. तरीही शाकाहारी माणसाने दोन किलो खाण्याला द्यावेत, हे मी आता प्रत्येकाला सांगतो.

पियायनेमोची सफर दोघांनाही ठीकठाक वाटली. पायऱ्या चढून वरून दिसणारे हिरवट पाणी आणि छत्र्यांसारखी बेटे सुंदर आहेत यात वाद नाही, पण बोटीत जाता-येता ऊन फार लागले आणि त्याच पैशांत प्रत्येकी दोन डाइव्ह झाल्या असत्या, असे तिचे गणित होते.

परत आल्यावर दोघांना स्वतंत्रपणे विचारले. त्याने हेच ठिकाण पुन्हा निवडले असते. तिचे उत्तर जास्त नेमके होते : शिडी, वाटाड्या आणि बोट यांना पैकीच्या पैकी, खोलीला, पंखा सोडून, पुरेसे, आणि झोपेच्या दोन रात्रींसाठी तिने आणखी तीस-चाळीस हजार रुपये आनंदाने दिले असते, पण पावणेदोन लाख जास्त दिले नसते. त्या मधल्या किमतीत, विजेची खात्री असलेला मुक्काम क्रीच्या परिसरात त्यांना शोधूनही मिळाला नव्हता. एक तर झावळ्यांची झोपडी, नाहीतर सगळे आत धरलेले रिसॉर्ट, अशी ही बाजारपेठ आहे, आणि मधली पायरी हळूहळू आत्ता कुठे बांधली जात आहे.

माझा सल्ला दोन परिस्थितींत उलटा झाला असता. तिच्या डाइव्ह पंचवीसऐवजी दहा असत्या, तर स्वतंत्र वाटाड्यासकट हा मुक्काम मी सुचवला नसता. रिसॉर्टमध्ये सातऐवजी पाच रात्री राहा आणि खर्च तिथे कापा, असे सांगितले असते. आणि तिसऱ्या मालकाकडून शिडीचा फोटो आला नसता, तरीही तेच.